मुख्य पात्र आणि कर्तेपण : तेरच्या गोरोबाकाकांची कथा व काही जपानी ॲनिमेपट

‘नायक’ आणि ‘मुख्य पात्र’ या दोन संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा एकीच्या जागी दुसरी अशा रीतीने वापरल्या जातात. परीक्षेत ‘नायकाचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न येतो, आणि ज्या पात्राभोवती कथा फिरते त्याचे गुणवर्णन लिहून विद्यार्थी मोकळा होतो. वस्तुतः हे दोन शब्द दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. ‘नायक’ हा ‘नी’ धातूपासून आलेला शब्द आहे. जो नेतो तो नायक. धनंजयाने दहाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘दशरूपका’त ‘नेता’ असाच शब्द योजला आहे. या नेत्याच्या ठिकाणी विनय, त्याग, दक्षता, वाणीचे माधुर्य इत्यादी गुण असावेत अशी अपेक्षा ठेवून ग्रंथकाराने त्याचे धीरललित, धीरशांत, धीरोदात्त व धीरोद्धत असे चार प्रकार केले. ‘पात्र’ या शब्दात नेण्याची कल्पना मुळीच नाही. पात्र म्हणजे भांडे. नाट्यशास्त्रात तो शब्द नटाला व भूमिकेला लागू झाला, तरी ज्यात काही ओतले जाते अशी वस्तू हा त्याचा मूळचा अर्थ मराठीत आजही जिवंत आहे.

हा भेद एरवी केवळ पारिभाषिक वाटला असता. परंतु ॲनिमे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी कलाप्रकाराचा विचार करू लागताच तो टाळता येत नाही. चित्रांना गती देऊन कथा सांगण्याच्या या प्रकारात मुख्य पात्रे कोण असतात? कोठे पाच वर्षांचा आगाऊ मुलगा, कोठे युद्धयंत्रात बसण्याची इच्छाच नसलेला भेदरलेला किशोर, कोठे वर्गातील बहिऱ्या मुलीचा छळ केलेला विद्यार्थी, तर कोठे हातपाय, डोळे, कान यांपैकी काहीच नसलेले बालक. त्यांना ‘चाकोरीबाहेरची पात्रे’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु या विशेषणाने ती काय नाहीत एवढेच कळते, ती काय आहेत हे कळत नाही. जपानी चित्रकारांना चाकोरीतला नायक रंगवता येत नाही, असेही नाही. १९९२ साली युगो साको, राम मोहन व कोइची सासाकी यांच्या दिग्दर्शनाखाली पूर्ण झालेला रामायणावरील चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा दाखवला गेला, आणि त्यातील राम हा धीरोदात्त नायकाचा निर्दोष नमुना आहे. तेव्हा उरलेल्या पात्रांचे निराळेपण कशात आहे हे वेगळे शोधावे लागते. हे निराळेपण स्वभावात किंवा रूपात शोधण्यापेक्षा पात्राच्या कर्तेपणात, म्हणजे व्याकरण ज्याला क्रियेशी असलेला संबंध म्हणते त्यात, शोधावे असे येथे सुचवायचे आहे. त्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातच आहे.

तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या तगर नावाच्या व्यापारी नगराचा निर्देश आहे ते हेच, असे अभ्यासक मानतात. येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती व भांडी पाहावयास मिळतात. त्रिविक्रम व उत्तरेश्वर ही गावातील जुनी मंदिरेही विटांची आहेत. मातीला आकार देण्याची विद्या या गावात संत गोरा कुंभारांच्या आधी हजार-बाराशे वर्षे नांदत होती. परंपरेने गोरोबांचा काळ १२६७ ते १३१७ असा मानला आहे. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने सर्वांत वडील, म्हणून ‘काका’. त्यांच्या नावावर असलेले अभंग थोडे आहेत, आणि त्यांचा सूर मुख्यत्वे निर्गुणाचा व अनुभव बोलून दाखवता न येण्याचा आहे. मराठी मनात जे गोरोबा वसले आहेत ते मात्र या अभंगांतले नव्हेत, कथेतले आहेत. ही कथा नामदेवांच्या परंपरेतून चालत आली आणि ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’ने ती घरोघर पोचवली.

कथा सर्वांच्या परिचयाची असली तरी पुढील विवेचनासाठी तिचा क्रम ध्यानात असणे जरूर आहे. गोरोबा चिखल तुडवीत आहेत, मुखी विठ्ठलाचे नाम आहे. पत्नी संती तान्ह्या मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून पाण्याला गेली आहे. मूल रांगत रांगत बापाकडे येते, चिखलात शिरते आणि तुडवले जाते. संती परतते, चिखलाला आलेला रंग पाहते आणि आक्रोश करीत नवऱ्याला व त्याच्या भक्तीला दूषणे देते. गोरोबांची तंद्री मोडते. ते रागाने तिला मारायला धावतात. ती म्हणते, मला हात लावाल तर तुम्हाला विठोबाची आण आहे. त्या क्षणापासून गोरोबा तिला स्पर्श करीत नाहीत. वंश खुंटेल या चिंतेने संती आपली धाकटी बहीण रामी हिचे लग्न त्यांच्याशी लावून देते. दोघींना सारखे वागवा, असे सासरे निरोपाच्या वेळी सांगतात. गोरोबा तेही अक्षरशः पाळतात आणि रामीलाही हात लावीत नाहीत. एका रात्री दोघी बहिणी झोपलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर घेतात. जाग आल्यावर, आण मोडली म्हणून ते आपले दोन्ही हात तोडून टाकतात. (दोन्ही हात एकट्याने कसे तोडले, हा प्रश्न कीर्तनाला आलेले एखादे चौकस मूल हटकून विचारते, कथेला त्याची पर्वा नाही.) मग विठोबा स्वतः कुंभार होऊन त्यांच्या घरी राबतो. पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात सगळे हात उंचावत असता गोरोबाही थोटे उचलतात, आणि त्यांना हात फुटतात. संतीला तिचे मूल परत मिळते आणि तिने घातलेली आण सुटते.

या माणसाला धनंजयाच्या चारांपैकी कोणत्या कोटीत बसवावे? त्याच्या पायाखाली त्याचेच मूल मेले आहे. शोक करणाऱ्या आईवर तो हात उगारतो. वाणीचे माधुर्य तर दूरच राहिले. कीर्तनकारांनी व त्यांच्या मागून पाठ्यपुस्तकांनी या अडचणीवर एक ठराविक तोडगा काढला आहे : गोरोबा भक्तीत इतके लीन होते की त्यांना देहभान नव्हते, सबब दोष नाही. हा तोडगा गोरोबांना नायकपदावर टिकवण्यासाठी काढला आहे हे उघड आहे. त्याची किंमत मात्र संतीला द्यावी लागते. तिचा आक्रोश हा अज्ञानाचा आक्रोश ठरतो आणि ती देवाच्या भक्ताला न ओळखणारी संसारी बाई होऊन बसते. महिपती स्वतः इतके सावध नाहीत. संतीचे दूषण आणि गोरोबांचा राग, दोन्ही त्यांनी झाकलेले नाहीत, आणि वाचकाने तेथे थांबले पाहिजे.

कथेतील निर्णायक क्रिया कोणती, असे विचारले तर बहुतेक जण मूल तुडवले जाणे किंवा हात तोडणे यांकडे बोट दाखवतील. परंतु ज्या एका क्रियेमुळे पुढचे सारे घडते ती शब्दाची क्रिया आहे, आणि ती संतीची आहे. मराठीत ‘शपथ घेणे’ आणि ‘शपथ घालणे’ असे दोन प्रयोग आहेत. पहिल्यात बोलणारा स्वतःला बांधून घेतो. दुसऱ्यात तो ऐकणाऱ्याला बांधतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत, पुढे १९६२ मध्ये ग्रंथरूपाने, काही वाक्ये माहिती देत नसून कृती करतात हा सिद्धांत मांडला, तेव्हा वचन देणे हे त्यांचे एक आवडते उदाहरण होते. त्यात बांधला जातो तो बोलणारा. ‘आण घालणे’ याची दिशा नेमकी उलट आहे. ‘आण’ हा शब्दही संस्कृत ‘आज्ञा’ या शब्दापासून प्राकृत ‘आणा’ या रूपातून आला आहे, हे येथे अर्थपूर्ण ठरते. मार खाण्याच्या बेतात असलेली बाई एका वाक्याने आज्ञा करते, आणि तिला विरोध करण्याची सोय नवऱ्याकडे उरत नाही, कारण जामीन म्हणून तिने त्याचाच देव उभा केला आहे. येथून पुढे गोरोबा जे काही करतात ते संतीच्या वाक्याचे पालन आहे. कथा त्यांच्या नावाची असली तरी तिला वळण देणारी व्यक्ती ते नव्हेत.

सासऱ्यांच्या वाक्याचे हेच झाले. ‘दोघींना सारखे वागवा’ या शब्दांमागे, धाकटीवर प्रेम करताना थोरलीला अंतर देऊ नका, असा अभिप्राय होता. गोरोबा अभिप्राय सोडून देतात आणि शब्द धरतात. बोलणाऱ्याचा आशय व उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ यांतील अंतरावर पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जे विवेचन केले, त्याचे याहून करुण उदाहरण मिळणे कठीण. हे वागणे भाबडे म्हणावे की निष्ठूर? रामीच्या बाजूने पाहिले तर दुसरे विशेषण टाळता येत नाही.

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक असून तो एका साध्या मराठी क्रियापदावर अवलंबून आहे. ‘लागणे’ आणि ‘लावणे’ ही जोडी मराठीत विलक्षण राबती आहे. दार लागले, दार लावले. आग लागली, आग लावली. हात लागला, हात लावला. पहिल्या रूपात घटना आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवून आणतो. पंचनामा लिहिणाऱ्याला या दोहोंतला फरक पक्का ठाऊक असतो. आग लागली की लावली यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो. आणि तरीही मराठी घरात एखाद्याला चुकून पाय लागला तर माणूस चटकन वाकून नमस्कार करतो. पाय लावलेला नसतो, लागलेला असतो. परंतु लागल्याचेही काही देणे असते अशी समजूत त्या नमस्कारामागे आहे.

संतीची आण ‘हात लावाल तर’ अशी आहे. त्या रात्री गोरोबांनी हात लावलेला नाही. तो लागलाही नाही, दोघी बहिणींनी तो उचलून घेतला. व्याकरणाच्या कोणत्याही हिशेबाने आण मोडलेली नाही. गोरोबा मात्र ‘लागणे’ हे ‘लावणे’ मानतात आणि हातांना शिक्षा देतात. हा त्यांच्या नीतीचा कळस आहे असे परंपरा मानते, आणि ते मान्य करण्यास हरकत नाही. परंतु मग एक प्रश्न उभा राहतो, जो कीर्तनात सहसा विचारला जात नाही. निजलेल्या हातांचा एवढा कडक हिशेब ठेवणाऱ्या या पुरुषाने पायांचा हिशेब कोठे दिला? मूल पायाखाली आले तेव्हा ‘ध्यान लागले होते’ हा बचाव पुरेसा झाला. भूक लागते, तहान लागते, वेड लागते, तसे ध्यान लागते. माणसाचा त्यात इलाज नसतो. पण मराठीत ‘ध्यान लावून बसणे’ असाही प्रयोग आहे. संतीच्या दूषणांचा रोख एका वाक्यात सांगायचा तर तो असा की, ध्यान लागले नव्हते, तुम्ही ते लावले होते, आणि मूल तुमच्या भरवशावर ठेवलेले असताना लावले होते.

या प्रश्नाचे उत्तर कथा देत नाही. किंबहुना तिचे बळ त्यातच आहे. हात तोडणे हे पायांच्या अपराधाचे विलंबाने आलेले प्रायश्चित्त आहे, असे वाचता येते. गोरोबा स्वतः तसे कधी म्हणत नाहीत, आणि म्हणूनच हे वाचन संभवते. मुलाबद्दल ते मुके आहेत. जे वाणीने कबूल झाले नाही ते अवयवांनी कबूल केले, असा अर्थ लावणारा वाचक संतीला अज्ञानी ठरवण्याच्या बंधनातून सुटतो, आणि गोरोबांनाही निष्कलंक ठरवण्याची गरज राहत नाही. त्यांना नायक म्हणणे मात्र कठीण होते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणातील परिभाषेत सांगायचे तर, ‘गोरोबांनी मूल तुडवले’ हे वाक्य कर्मणी प्रयोगातले आहे : क्रिया केली गोरोबांनी, परंतु क्रियापद चालते मुलाच्या लिंगवचनाने. कर्ता वाक्यात आहे, आणि क्रियापदावर मात्र त्याची सत्ता नाही. मराठीच्या भूतकाळात सकर्मक क्रियापदाची बहुतेक हीच गत असते, तेव्हा त्यातून तत्त्वज्ञान काढण्याचे कारण नाही. दृष्टान्त म्हणून ते पुरे आहे. फ्रेंच व्याकरणकार ल्युसिएँ तेनिएर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वाक्याला एका छोट्या नाट्याची उपमा दिली होती, आणि १९६६ मध्ये ग्रेमास यांनी तीच कल्पना उलटवून कथेतील भूमिकांना व्याकरणातील भूमिकांप्रमाणे वाचले. त्या पद्धतीत मुख्य पात्र कर्त्याच्या जागी असलेच पाहिजे असे नाही.

आता ओसामु तेझुका यांच्या ‘दोरोरो’कडे वळता येईल. ही चित्रकथा १९६७ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये तिच्यावरून सव्वीस भागांची कृष्णधवल ॲनिमे मालिका निघाली व २०१९ मध्ये चोवीस भागांची नवी. यादवी युद्धांच्या काळातील दाइगो कागेमित्सु हा सरदार सत्तेसाठी राक्षसांशी करार करतो आणि होणाऱ्या मुलाचे अवयव त्यांना देऊन टाकतो. हातपाय, डोळे, कान, वाचा यांपैकी काही नसलेले ते अर्भक नदीत सोडले जाते. एक वैद्य ते वाढवतो व त्याला लाकडी अवयव करून देतो. हाच ह्याक्किमारू. मोठा झाल्यावर तो एकेका राक्षसाला मारतो आणि एकेक अवयव परत मिळवतो.

गोरोबांच्या कथेशी याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे, परंतु अवयव जाणे आणि परत येणे एवढ्यावर थांबू नये. दोन्हीकडे बाप आपले मूल एका मोठ्या शक्तीच्या पायी गमावतो, आणि दोन्हीकडे ते मोठेपण खरे आहे. दाइगोच्या करारामुळे २०१९ च्या मालिकेत त्याचा मुलूख दुष्काळ व रोगराई यांपासून वाचलेला असतो. ह्याक्किमारूला त्याचे अवयव मिळत जातात तसतसा तो मुलूख उद्ध्वस्त होऊ लागतो. तेव्हा मुलाने आपले हात परत मागावेत की नाही? मालिकेला हा प्रश्न सोडवायचा नाही. फरक असा की जपानी कथेच्या केंद्रस्थानी मूल आहे आणि बाप कडेला आहे. तेरची कथा त्या तुडवल्या गेलेल्या मुलाच्या बाजूने सांगितली असती तर ती ‘दोरोरो’सारखी झाली असती, असे म्हणणे फारसे धाडसाचे होणार नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या मालिकेत आणखी एक गोष्ट आढळेल. ह्याक्किमारूला श्रवणशक्ती परत मिळते तेव्हा तो आनंदित होत नाही. जगाचा गोंगाट त्याला असह्य होतो. वाचा परत मिळाल्यावरही तो दीर्घकाळ तुटक शब्दांतच बोलतो. इंद्रिय मिळणे आणि भाषा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे जितके नेमके दाखवले आहे तितके पुष्कळ पाठ्यग्रंथांतही सापडत नाही. शिवाय मालिकेचे नाव त्याच्या नावावर नाही. दोरोरो हे त्याच्यासोबत हिंडणारे अनाथ, चोरटे मूल आहे, आणि मुलगा म्हणून वावरणारी ती वस्तुतः मुलगी आहे. जपानीत चोराला ‘दोरोबो’ म्हणतात. ‘दोरोरो’ हा त्याचाच बोबडा उच्चार. ज्याचे अवयव गेले तो एक आणि जिचे नाव लागले ती दुसरी, असे मुख्यपण येथे दोघांत वाटले गेले आहे. गोरोबा आणि संती यांच्याबद्दलही असे म्हणता येईल.

जपानी भाषेतही ‘लागणे-लावणे’ यांसारख्या क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत : ‘कोवारेरु’ म्हणजे आपोआप मोडणे, ‘कोवासु’ म्हणजे मोडून टाकणे. त्याखेरीज ‘आमे नि फुरारेता’ अशी एक वाक्यरचना आहे. तिचा शब्दशः अर्थ मराठीत आणणे अवघड. आपण ‘पावसाने गाठले’ म्हणतो त्याच्या ती जवळपास जाते. पाऊस कोणावर पाडता येत नाही, तरी तो ज्याच्यावर पडला त्याला वाक्याचे मुख्य स्थान मिळते, आणि त्याचे झालेले नुकसान क्रियापदाच्या रूपातूनच सूचित होते. मराठीने हे काम चतुर्थीकडे सोपवले आहे : मला राग आला, तिला रडू कोसळले. ज्यांच्या भाषेत सोसणाऱ्याला वाक्यात अशी मानाची जागा आहे त्यांना सोसणारे मुख्य पात्र सुचणे सोपे जात असेल काय? हा तर्क मोहक आहे, आणि म्हणूनच त्याला लगाम घातला पाहिजे. मराठीत चतुर्थी असूनही मराठी ऐतिहासिक कादंबरी नेत्यांनीच भरलेली आहे. व्याकरण शक्यता पुरवते. तिचा उपयोग करणे न करणे कथाकाराच्या हाती असते.

‘लावणे’ची बाजू ज्यात उघडपणे मांडली आहे असा ॲनिमेपट म्हणजे नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला, क्योतो ॲनिमेशनचा २०१६ चा ‘कोए नो काताची’. योशितोकी ओइमा यांच्या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. नावाचा अर्थ ‘आवाजाचा आकार’. शोया इशिदा हा सहावीतला मुलगा वर्गात नव्याने आलेल्या बहिऱ्या शोकोचा छळ करतो, तिची श्रवणयंत्रे ओढून काढतो. येथे ‘लागले’ म्हणण्याला जागाच नाही. पुढे तो स्वतः वर्गाबाहेर टाकला जातो. काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिच्याकडे जातो. त्याला भोवतालच्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत. प्रत्येक चेहऱ्यावर एक फुली चिकटलेली असते, आणि शेवटी त्या फुल्या गळून पडतात. गोरोबांना हात फुटतात तसे शोयाला चेहरे दिसू लागतात, असे म्हणता येईल. परंतु शोयाने मधल्या काळात ज्याचा अपराध केला त्याचीच भाषा आत्मसात केली आहे. गोरोबा संतीचे वाक्य पाळतात, संतीशी बोलत नाहीत. या एका बाबतीत क्योतोची कथा तेरच्या कथेहून सरस आहे.

इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा ‘होतारु नो हाका’ या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला घेऊन मावशीचे घर सोडतो, तळ्याकाठच्या खंदकात बिऱ्हाड करतो, आणि सेत्सुको उपासमारीने मरते. उपासमार युद्धामुळे झाली. घर सोडण्याचा निर्णय त्याचा. आपल्या मृत्यूची तारीख, २१ सप्टेंबर १९४५, सेइता पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, त्यामुळे तो वाचवील काय ही उत्कंठा राहत नाही. राहतो तो फक्त हिशेब. मूळ कथेचे लेखक अकियुकी नोसाका यांनी स्वतःची धाकटी बहीण युद्धकाळात अशीच गमावली होती, आणि तिच्याबद्दलची अपराधी जाणीव या कथेमागे आहे. या चित्रपटाकडे केवळ युद्धविरोधी म्हणून पाहणारा प्रेक्षक सेइताला त्याच ‘दोष नाही’ या पांघरुणाखाली घेतो जे कीर्तनकार गोरोबांवर घालतो.

गोरोबांची कथा मराठीपुरती राहिली नाही, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तमिळमध्ये १९४८ साली नागय्या यांची भूमिका असलेला ‘चक्रधारी’, कन्नडमध्ये १९७४ साली राजकुमार यांचा ‘भक्त कुंबार’, तेलुगूत १९७७ साली अक्किनेनी नागेश्वर राव यांचा ‘चक्रधारी’ असे चित्रपट तिच्यावर निघाले. मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांचे ‘गोरा कुंभार’ हे नाटक जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह आले. पडद्यावरील लोकप्रिय नट भूमिकेत असला की त्याचे निर्दोष राहणे हा जवळजवळ व्यवसायाचा नियम होतो. त्यामुळे चित्रपटांनी गोरोबांना पुन्हा नायक केले असेल तर त्यात नवल नाही. रेखाटलेल्या पात्रामागे असा नट उभा नसतो. त्याची प्रतिमा जपण्याचे ओझे कथेवर पडत नाही. ॲनिमेत अपराधी, भेकड, विकल अशी मुख्य पात्रे सहज निभावून जातात याचे एक कारण हेही असावे.

कथेतील ज्या भागावर अभ्यासकांनी सर्वांत कमी लिहिले असेल तो हातांवाचूनच्या दिवसांचा. घरात दोन बहिणी, त्यांचा थोटा नवरा, आणि अनोळखी म्हणून आलेला एक कुंभार, जो चाक फिरवतो, मडकी थापटतो, आवा लावतो. गोरोबा पाहत बसतात. भक्तविजयी चमत्कार म्हणून हा प्रसंग चटकन ओलांडला जातो. परंतु येथे कामाची वाटणी पूर्ण बदललेली आहे : ज्याचे नाम घेता घेता मूल तुडवले गेले तोच आता तो चिखल तुडवीत आहे. संती त्या घरात आहे आणि त्या पायांकडे ती कोणत्या नजरेने पाहत असेल याबद्दल कथा गप्प आहे. एखाद्या जपानी दिग्दर्शकाने या मौनावर एक संपूर्ण भाग खर्च केला असता.

शेवटी पंढरपुरी मूल परत येते. परंपरा सांगते की ते रांगत आले. संपूर्ण कथेत त्या मुलाच्या वाट्याला स्वतःची अशी एकच क्रिया आली आहे. पहिल्यांदा ते रांगत बापाकडे गेले होते. दुसऱ्यांदा ते रांगत आईकडे येते.